विश्वासात टिकण्यासाठी फिलिप्पैकरांस पत्राचा अभ्यास
पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याने त्यातील फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेले पत्र, आधी घ्यावे. 4 अध्यायांचे हे पत्र येशूचा प्रेषित पौल याने बंदिवासातून लिहिले असून ते एका बैठकीत सहज वाचून होते. पहिल्यांदा ते सलग वाचावे, मग रोज मोजकीच वचने घेऊन पौल कोणाला, कोणत्या परिस्थितीत आणि का लिहीत आहे, हे वहीत टिपावे. दुसऱ्या अध्यायातील 14 व्या वचनापाशी मात्र मुद्दाम थांबावे, कारण सर्व काही कुरकुर न करता करा, असे तिथे बेड्यांतला माणूस सांगतो. आपण कुरकुरत करतो ते नेमके काम प्रार्थनेत देवापुढे मांडावे. वाचनात खंड पडला, तर मागचे भरून काढण्याच्या नादी न लागता आजच्या वचनापासून पुढे जावे, आणि अडलेला प्रश्न मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना निःसंकोच विचारावा.