भीमाशंकरला शेकरू कसं बघायचं

भीमाशंकरला जाऊन आलो पण शेकरू (झाडांवर राहणारी मोठी खार) काही दिसलं नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. जरा खोदून विचारलं की कळतं, अकराला पोचले, दर्शनाची रांग, मग भजी, आणि दुपारी दोनला जंगलात शिरले. अहो त्या वेळी ते फांदीवर पसरून झोपलेलं असतं! शेकरू दिवसा फिरणारं असलं तरी त्याची खरी गडबड सकाळी आणि मग उन्हं कलल्यावर, त्यामुळे शक्य असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा आणि उजाडता उजाडता झाडीत असा. पुण्याहून मंचर-घोडेगावमार्गे साधारण ११० किमी आहे.

सीझन म्हणाल तर थंडी ते मे. पावसाळ्यात धुकं इतकं असतं की समोरचं झाड दिसत नाही, शेकरू काय दिसणार, आणि श्रावणी सोमवार, महाशिवरात्रीला तर गर्दीमुळे नादच सोडा.

आता मेन गोष्ट. चालत राहू नका. हनुमान तळ्याच्या किंवा गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागा (आधी वनखात्याच्या माणसांना विचारा, कुठे जायला परवानगी आहे ते), आणि आधी घरटी शोधा. काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, उंचावर, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, जिथे वजनदार शिकारी प्राणी पोचणार नाही. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं म्हणून घरटं दिसलं म्हणजे आत कोणी आहेच असं नाही, पण एरिया त्याचा आहे एवढं नक्की. मग जवळपास जांभूळ, उंबर, आंबा असं फळावर आलेलं झाड बघा आणि खाली अर्धवट कुरतडलेली फळं, ताजी सालं पडलीत का ते बघा. पडली असतील तर थोडं लांब बसा, मोबाईल सायलेंटवर, गप्पा बंद.

डोळ्यांपेक्षा कान आधी कामाला येतात. वारा नसताना एकच फांदी जोरात हलली की तिकडे बघा, वानर असेल तर बहुतेक टोळी असते, शेकरू बऱ्याचदा एकटंच. आणि ओरडलं तर मोठा कटकट-कटकट आवाज येतो, डब्यात खडे घालून कोणी हलवतंय असा, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा खारीचा आवाज आहे हे पटतच नाही.

दिसलं की पळू नका, बोट दाखवून ओरडू नका. घाबरलं की ते खोडाला चिकटून एकदम स्तब्ध होतं आणि मग तांबूस-तपकिरी पाठ सालीत अशी मिसळते की डोळ्यासमोर असून सापडत नाही. थांबा, शेपूट बघा, दोन फूट लांब आणि टोकाकडे फिकट, ती बहुतेक वेळा खाली लोंबत असते. खाताना दिसलं तर नशीबच, मागच्या पायांनी फांदी धरून अंग एका बाजूला लटकवतं, शेपूट दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला, आणि पुढच्या दोन्ही पंजांत फळ फिरवत फिरवत खातं. ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण असेल तर हे सगळं मस्त दिसतं, मोबाईलने फोटो काढायच्या नादात निम्मी मजा जाते (माझं मत, ज्याला काढायचेत त्याने काढावेत, फक्त फ्लॅश नको).

बिस्किटं, चिप्स अजिबात टाकू नका. आपला राज्यप्राणी आहे तो, आणि १९८५ ला हे अभयारण्य झालं त्यात शेकरू हेच मोठं कारण होतं. एका झाडावरून दुसऱ्यावर सहा-सहा मीटर उडी मारून सगळा दिवस वरच काढणारा प्राणी, त्याला खायच्या आशेने जमिनीवर उतरायची सवय लागली की कुत्र्यांच्या तोंडी जाणार.

भीमाशंकरची गर्दी नकोच वाटत असेल तर मुरूडजवळचं फणसाड किंवा कोल्हापूरकडचं राधानगरी करा, शेकरू तिथेही आहे आणि शोधायची पद्धत हीच.