सीए १९-९ वाढलंय? आधी हे वाचा
पुण्यात हल्ली बरेच जण घरी येऊन रक्त घेऊन जाणारं फुल बॉडी चेकअप करतात, त्यात कधीकधी ट्यूमर मार्करही असतो, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा घटक; सीए १९-९ हा त्यातलाच, मुख्यतः स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी जोडला जाणारा, आणि मग मोबाईलवर पीडीएफ उघडली की सीए १९-९ ठळक अक्षरात ५२, बाजूला नॉर्मल ३७ पर्यंत, झालं, झोप उडाली. थांबा जरा. पित्ताचे खडे, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, लिव्हरचा त्रास यातही हा आकडा वाढतो, पित्तनळी तुंबली असेल तर हजाराच्या वरही जाऊ शकतो, म्हणून कावीळ उतरल्यावर परत टेस्ट करायची आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण मशीन बदललं की आकडा बदलतो. उलट नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही राहू नका, काहींच्या शरीरात हा मार्कर तयारच होत नाही. त्यामुळे काही त्रास नसताना ही टेस्ट करूच नये असं मला ठाम वाटतं.

आकड्यापेक्षा लक्षणं बघा. न दुखता झालेली कावीळ, गडद लघवी, उगाच उतरलेलं वजन, पाठीत जाणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर अचानक निघालेली शुगर, यातलं काही असेल तर लगेच पोटाच्या डॉक्टरांकडे जा, जुने रिपोर्ट न्या, आणि सोनोग्राफीत गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही असं लिहिलं असेल तर सीटी स्कॅनचं नक्की विचारा.