ट्रिप फिसकटली तरी सुट्टी कशी वाचवायची, खास खान्देशवाल्यांसाठी

दिवाळी असो नाहीतर आखाजी (अक्षय्य तृतीया), आपल्याकडं ट्रिपचा प्लॅन ठरतो व्हॉट्सअपच्या ग्रुपवर आणि फिसकटतो पण तिथंच. वेटिंग काही क्लिअर होत नाही, मामाचं ऐन वेळी वावरात काम निघतं, एखाद्या पोराला ताप येतो, नाहीतर गाडीच पाच तास लेट दाखवते, आणि बॅगा भरून बसलेलं घर एकमेकांकडं बघत राहतं, ‘काय करानं भो आते?’ तर त्याच्यावरच लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की ठिकाण गेलं तर जाऊ द्या पण सुट्टी सोडू नका, कारण सुरतहून पुण्याहून पोरं घरी आलेली असतात, ताईला सासरहून दोन दिवस मिळालेले असतात, एवढी माणसं परत कधी एकत्र सापडतील सांगता येत नाही.

पहिलं काम पैशांचं, रडारड नंतर. ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात येतात, त्यासाठी काही करायची गरज नाही, आणि त्या तिकिटावर डब्यात चढूही नका. रेल्वेनंच गाडी रद्द केली तरी ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. पण खिडकीवरून काढलेलं तिकीट असेल तर पैसे घ्यायला खिडकीवरच जावं लागतं, ते उद्यावर टाकू नका. घरातल्या पाच जणांचं एकच तिकीट आहे आणि तीन कन्फर्म, दोन वेटिंग असं झालं तर लोक उगाच दोघांना घरी ठेवून निघतात, तसं करू नका. सगळ्यांचं मिळून तिकीट रद्द करायचं असेल तर गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत करता येतं आणि थोडे चार्जेस कापून कन्फर्मवाल्यांचेही पैसे मिळतात. गाडी आपल्या स्टेशनवर 3 तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि जायचंच नाही असं ठरलं तर पूर्ण रिफंड मिळतो, फक्त टीडीआर (रिफंड मागायचा ऑनलाइन अर्ज) त्या गाडीनं आपलं स्टेशन सोडायच्या आत भरायचा, घरी जाऊन जेवून मग भरतो म्हटलं की संपलं. काही अडलं तर 139 ला फोन लावा. कन्फर्म तत्काळ मात्र स्वतःहून रद्द केलं तर काही हातात येत नाही हे धरूनच चाला.

हॉटेलवाल्याला फोन करताना ‘कॅन्सल करा’ म्हणू नका, ‘तारीख पुढं ढकला’ म्हणा. बरेच छोटे हॉटेलवाले पैसे परत द्यायला नाखूष असतात पण तारीख बदलून देतात. आणि ते मेसेजवर लिहून घ्या, फोनवरच्या शब्दाला नंतर कोणी विचारत नाही.

आता दुसरं काम, त्याच संध्याकाळी नवा प्लॅन. त्याच संध्याकाळी म्हणजे त्याच संध्याकाळी, कारण रात्र गेली की सकाळी कोणी मोबाईल घेऊन लोळतं, कोणी बँकेत जातं, आणि सगळे घरात असून दिवस मोडतो. नवं ठिकाण घरापासून दीड-दोन तासांच्या आतलं निवडा, सकाळी जाऊन रात्री घरी झोपायला येता येईल असं. आणि ते ऋतू बघून निवडा, हे आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं आहे, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना म्हाताऱ्या माणसांना घेऊन डोंगर चढायला जाणं बरोबर नाही.

हिवाळा असेल तर खरं सांगू, कुठं जायचीच गरज नाही, भरीत पार्टी करा. कोणाचंही वावर चालेल. भरताची ती हिरवट पोपटी मोठी वांगी आणा (बामणोदची मिळाली तर उत्तमच, जळगावच्या भरीत वांग्याला 2016 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय), कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजा, गॅसवर भाजू नका हात जोडतो, गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येतच नाही. साल काढून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायचं, हिरवी मिरची आणि लसूण भाजून त्यातच, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेल हात न आखडता. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर नाहीतर पुऱ्या, आणि केळीच्या पानावर जेवायचं. यात पोरांना काम वाटून द्या, पऱ्हाट्या गोळा करणं, साल काढणं, पाणी आणणं. ट्रिप गेली म्हणून तोंड पाडून बसलेलं पोरगं वांगी भाजताना अर्ध्या तासात बोलायला लागतं, हे मी आमच्या घरात बघितलंय.

भरीत नको आणि फिरायचंच असेल तर हिवाळ्यात चोपड्याकडचं उनपदेव, अडावदजवळ, तिथं गरम पाण्याचा झरा आहे, भल्या सकाळी पोचलात तर थंडीत मजा येते. एरंडोलजवळ पद्मालय, गणपतीचं देऊळ आणि कमळांचं तळं, आजी-आजोबांना जमतं. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, आणि मुक्ताईचं दर्शन त्याच फेरीत होतं.

पावसाळ्यात यावलकडची मनुदेवी सगळ्यांना आठवते, धबधबा खरंच सुंदर आहे, पण सातपुड्यात वर पाऊस पडला की खाली नाल्याला पाणी अचानक वाढतं, तेव्हा पोरांना पाण्यात सोडून मोठ्यांनी फोटो काढत बसू नका. पाणी गढूळ व्हायला लागलं की बाहेर. तोरणमाळला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर शहाद्यातून लवकर निघा, पावसात घाटात धुकं असतं, तिथं मोबाईलच्या नेटवर्कचा आणि जेवणाचा भरवसा धरू नका, भाकरी-ठेचा घरूनच घ्या.

अजिंठा आपल्याला जवळ आहे म्हणून आपण कधी जात नाही. जळगावहून साधारण 60 किलोमीटर. पण सोमवारी लेणी बंद असतात (वेरूळ मंगळवारी), आणि फिसकटलेल्या ट्रिपचा मोकळा दिवस नेमका सोमवारच निघतो, तेव्हा वार बघून ठरवा. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून पुढं तिथल्या बसनं जावं लागतं, तो वेळ धरा.

चाळीसगावकडचे असाल, किंवा गाडीच लेट होऊन स्टेशनवर अडकला असाल, तर प्लॅटफॉर्मवर बसून राहण्यापेक्षा फोटोग्राफर केकी मूस यांचं घर बघा, स्टेशनच्या जवळच आहे, फोन करून उघडं असल्याची खात्री मात्र करून घ्या. हा माणूस वर्षानुवर्षं त्याच घरात राहून टेबलटॉप फोटोग्राफी (टेबलावर वस्तू मांडून फोटो काढणं) करत राहिला, 1989 मध्ये गेला, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या स्टेशनवर शंभरदा उतरून ते घर बघितलेलं नसतं याचं मला वाईट वाटतं. पुढं पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. देवीचं दर्शन घ्याच पण पोरांना हे पण सांगा की भास्कराचार्यांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवानं इथं मठ काढला होता, तसा शिलालेखच पाटणला सापडलाय. गणिताला घाबरणाऱ्या पोराला हे तिथं उभं राहून ऐकताना वेगळं वाटतं.

जायला क्रूझर नाही मिळाली तर एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्यांना फुकट, म्हणजे आठ-दहा जणांच्या कुटुंबाचा खर्च बराच खाली येतो. आजोबांचं आधार कार्ड तेवढं खिशात ठेवा.

उन्हाळा असेल तर दुपार थिएटरला द्या. एसीत तीन तास, ऊनही टळतं. पण पिक्चर घाईत निवडू नका, सर्टिफिकेट बघा. आता यूए मध्येच 7, 13 आणि 16 असे वयाचे प्रकार आलेत, ‘ए’ असेल तर 18 खालच्यांना आत घेत नाहीत, आणि दारावरून पोरांना परत आणायचं म्हणजे एका दिवसात दुसऱ्यांदा हिरमोड. पिक्चर किती वेळाचा आहे ते बघा, गुडघे दुखणाऱ्या मावशीला तीन तास बसवत नाही. तालुक्याच्या ठिकाणी माणसं कमी आली तर शो रद्दही होतो, निघायच्या आधी फोन लावा. आणि पिक्चर कोणता हे घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून ठरवा, मधले लोक कशातही खूश होतात. थिएटर लांब असेल तर घरीच गच्चीवर चादर लावून लावा, पण पिक्चर आधी डाउनलोड करून ठेवा आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज, कारण लाईट नेमकी इंटरव्हलच्या आसपास जाते.

एक गोष्ट टाळा, ज्याच्यामुळं ट्रिप मोडली त्याला दिवसभर ऐकवत बसणं. मामाचं वावरातलं काम खोटं नव्हतं आणि पोराला ताप मुद्दाम आला नाही. त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही असं मोठ्यांनी सकाळीच सगळ्यांना सांगून टाकावं.

आणि मूळ ट्रिप करायचीच असेल तर त्याच आठवड्यात नवी तारीख धरा. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, तेव्हा कॅलेंडरवर ती तारीख मोजून टाका, रिमाइंडर घरातल्या दोघांच्या मोबाईलवर लावा, आणि सुरत लाईनचं होळी, आखाजी किंवा दिवाळीचं तिकीट असेल तर सकाळी आठला बुकिंग सुरू व्हायच्या आधीच नावं आणि वयं भरून तयार बसा.