९११ लावायची वेळ येण्याआधी

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत यायचे ठरले की आपण सगळी जमवाजमव करतो. व्हिसा, इन्शुरन्स, विमानतळावर व्हीलचेअर. फ्रिजवर घराचा पत्ता मात्र कोणी चिकटवत नाही. आमच्याही फ्रिजवर नव्हता, आणि न्यू जर्सीत येऊन मला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

सकाळी सहाला सासरे सोफ्यावर छाती चोळत बसलेले दिसले. "काही नाही गं, गॅस धरलाय. जरा ओवा दे." बनियन घामाने चिंब. नवरा कामासाठी परगावी गेलेला. आणि मी, चांगली शिकलेली बाई, वीस मिनिटं बिल किती येईल आणि शेजारी काय म्हणतील याचाच विचार करत बसले. शेवटी ९११, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, लावला. पलीकडून पहिला प्रश्न पत्त्याचा. मी रस्त्याचं नाव सांगितलं, इमारतीचा नंबर सांगायचा राहूनच गेला. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एकसारख्या एक अशा बारा इमारती. ॲम्ब्युलन्सचे दिवे मला खिडकीतून दिसत होते, पण गाडी उभी होती भलत्याच दारापाशी. बाबा वाचले, स्टेंट बसला, पुढच्या उन्हाळ्यात परतही आले. ती वीस मिनिटं मात्र माझ्या खात्यावर आहेत.

म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं: इमारत, मजला आणि फ्लॅटच्या नंबरासकट पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, आणि आई-बाबांकडून तो दोनदा मोठ्याने म्हणून घ्या. 'गिरणीसमोर, मारुतीच्या मागे' इथे चालत नाही. मोबाइलवरून तुमची जागा साधारण कळते, पण मजला कळेलच असं नाही. फोनवरची व्यक्ती प्रश्न विचारतच राहते, तेव्हा "आधी गाडी पाठवा ना" म्हणून चिडू नका. तुम्ही बोलत असता तेव्हा गाडी बहुधा निघालेली असते. इंग्रजी अडलं तर नुसतं 'मराठी' किंवा 'हिंदी' म्हणा, बहुतेक ठिकाणी दुभाषा जोडून देतात. चुकून नंबर लागला तर कट करू नका, चुकून लागला एवढं सांगा. नाहीतर ते उलट फोन करतात, कधी पोलीसही दारात येतात. आणि जुना, सिम नसलेला मोबाइल पोराला खेळायला देत असाल तर लक्षात ठेवा, त्यावरूनही ९११ लागतो.

दारात सगळ्यात आधी पोलीसच आला तर घाबरू नका. तो जवळ असतो आणि त्याच्या गाडीत बहुधा एईडी असतं, म्हणजे ठोके विस्कटलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र. मग ईएमटी, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरचे प्रथमोपचार करणारे, येतात. न्यू जर्सीतल्या कित्येक गावांत हे स्वयंसेवक असतात, म्हणजे तुमच्या गल्लीतला हिशेबनीसही असू शकतो. इंजेक्शन, ईसीजी वगैरे करणारे पॅरामेडिक हॉस्पिटलकडून वेगळ्या गाडीने येतात. दोन-तीन गाड्या पाहून आमच्या सासूबाईंना वाटलं होतं, संपलं सगळं.

औषधांची गंमत वेगळीच. बाबांनी "सॉर्बिट्रेट घेतली" म्हटलं आणि ती ईएमटी मुलगी नुसती बघत राहिली. आपली ब्रँडची नावं इथे कोणाला माहीत नसतात. पॅरासिटामॉलसुद्धा इथे ॲसिटामिनोफेन होतं. गोळ्यांची मूळ नावं, मात्रा आणि ॲलर्जी एका कागदावर लिहा आणि तो त्या पत्त्याशेजारीच लावा.

आता बिलाचं. येतं, आणि कधी शेकड्यांत तर कधी हजारांत येतं. २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे तुमच्या इन्शुरन्स कंपनीशी करार नसलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या, अचानक बिलांपासून बरंच संरक्षण मिळालं, पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्यातून वगळली आहे. हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला मात्र १९८६ च्या कायद्यानुसार इन्शुरन्स असो-नसो, तुम्हाला तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. नंतर हप्ते मागता येतात, घासाघीसही होते. बोट कापलं तर अर्जंट केअरला, म्हणजे किरकोळ दुखण्याखुपण्याच्या दवाखान्यात, खुशाल गाडीने जा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास घेता न येणं, यात स्वतः गाडी चालवत नेण्याचं शौर्य नको.

घरात लहान मूल आणि आजी-आजोबा एकत्र असले की आणखी एक नंबर हवा: १-८००-२२२-१२२२, विषबाधेसाठी, चोवीस तास, फुकट. इथल्या गोळ्यांच्या बाटल्यांना पोरांना न उघडणारी झाकणं असतात. आपल्या आजीच्या गोळ्या खुल्या डब्यात, उशाशी.

त्या प्रसंगानंतर आमच्या मंडळाने गावच्या ॲम्ब्युलन्स पथकाला बोलावून लायब्ररीत सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला जगवण्याचा, वर्ग घेतला. गणपतीच्या कार्यक्रमाला दोनशे माणसं असतात, इथे अकरा आली. एका काकूंनी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर दाब दिला, तर आवाजच येईना. पुरेसं खोल दाबलं की पुतळा 'टक्' करतो. "कणीक मळता तसं नको, सगळं वजन टाका," शिकवणारा साधारण याच अर्थाचं काहीतरी म्हणाला. छाती निदान पाच सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दोन मिनिटांत काकू घामाघूम, पण टक्-टक् सुरू. "बरगडी मोडली तर कोर्टात खेचतील का?" हा आपला लाडका प्रश्नही आला. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला सांभाळणारा कायदा इथे प्रत्येक राज्यात आहे. असे वर्ग कुठे भरतात ते गावच्या फायर स्टेशनवर, पथकाकडे किंवा लायब्ररीत विचारा. लहान मुलाची कार सीट नीट बसवली आहे का, हेही बऱ्याच ठिकाणी फुकट तपासून देतात.

वर्गाला जाताना सलवार किंवा पँट घाला. अर्धा वेळ गुडघ्यांवर बसावं लागतं.