बाळासाठी घर आवरताना संग्रहातील वस्तू हरवतात : या चुका टाळा

मूल रांगू लागले की फडताळे रिकामी करण्याची घाई सुरू होते, आणि जुने अडकित्ते, नाणी, दिवे, कुलपे यांनी भरलेल्या घरात वस्तू हरवतात त्या बहुधा याच घाईत. आपणच त्या ‘नीट’ ठेवतो आणि कोठे ठेवल्या ते विसरतो.

सगळे एका संध्याकाळी उचलणे ही पहिली चूक. आमच्याकडे सासऱ्यांच्या संग्रहातील मोराच्या घडणीचा पितळी अडकित्ता असाच वर्तमानपत्रात गुंडाळून हाताशी आलेल्या डब्यात गेला आणि चार महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर चकलीचा सोऱ्या काढायला माळ्यावर चढल्यावर, सोऱ्याच्याच डब्यात सापडला. ती पुडी रद्दीत गेली नाही हे नशीब. दमट कागदात पितळेवर हिरवट डागही पडतात, आणि चांदीच्या नाण्यांना रबर बँड लावल्यास रबरातील गंधकाने ती काळवंडतात. त्यामुळे जुने, कोरडे सुती कापडच बरे.

म्हणून एका वेळी एकच फडताळ घ्यावे, हलवण्याआधी त्याचा फोटो काढावा, खोक्यावर क्रमांक घालून आतील वस्तूंची यादी एका वहीत लिहावी आणि ठेवण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे. ‘महत्त्वाचे’ किंवा ‘इतर’ अशा चिठ्ठ्यांचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही. कुलूप आणि त्याची किल्ली मात्र एकाच पिशवीत बांधावी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वस्तू किती आहेत ते न मोजणे. सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ३०.५ मिलिमीटरचा, म्हणजे तोही त्यात बसतो. डबीत एकवीस शिवराया (मराठेशाहीतील तांब्याची नाणी) होत्या की बावीस, हेच ठाऊक नसेल, तर एखादी बाळाच्या तोंडात गेली की काय, हे कसे कळणार? चपटे बटण सेल असलेल्या वस्तूंतून ते आधीच काढावेत. असा सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत गंभीर भाजू शकते, त्यामुळे बाळाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कपड्यांत डांबरगोळ्या टाकण्याची सवयही या काळात सोडावी.

सगळे उंचावर चढवले की काम झाले, असेही नाही. मूल खणांच्या पायऱ्या करून चढते, आणि वरून जड झालेले कपाट भिंतीला पट्टीने जखडलेले नसेल, तर ते अंगावर येते.

एवढे करूनही वस्तू सापडत नसेल, तर आधी फोटो आणि वही पाहावी, मग घरातील प्रत्येकाला विचारावे. सगळी खोकी एकदम उघडू नयेत, कारण त्यातून दुसरा गोंधळ होतो. नंतर जमिनीवर बसून बाळाच्या उंचीवरून शोधावे : चपलांचे कपाट, सोफ्याची फट, वॉशिंग मशीनचा ड्रम, कांद्या-बटाट्यांची टोपली. दीड-दोन वर्षांच्या मुलाला एका भांड्यातून दुसऱ्यात वस्तू टाकण्याचा भारी नाद असतो. कचऱ्याचा डबाही, तो बाहेर जाण्याआधी, एकदा उपसून पाहावा.