इंग्रजीतले तुकोबा मराठीत आणताना

इंग्रजी पुस्तक मराठीत करताना तुकोबा किंवा बाबासाहेब इंग्रजीत बोलताना दिसले, की हात आवरा. त्या ओळी नव्याने रचायच्या नाहीत, शोधायच्या.

आधी लेखकाची तळटीप बघा. बाबासाहेबांचं भाषण मराठीतलं असेल आणि तारीख हाती असेल, तर शासनाने काढलेल्या ‘लेखन आणि भाषणे’चा खंड १८ उघडा. गांधीजींची ‘आत्मकथा’ मुळात गुजराती. घाटकोपर-मुलुंडला गुजराती शेजारी असतोच, त्याच्याकडून उतारा वाचून घ्या.

खरी झटापट अभंगांशी. गाथेची सूची पहिल्या चरणाची, आणि इंग्रजीवाला नेमका मधला चरण उचलतो! अशा वेळी ओळीतलं ठोस नाम पकडा: विंचू, जातं, सावकार. क्रियापदाच्या मागे लागू नका, अनुवादात ते पार बदललेलं असतं. संगणकावर शोधताना जुनं लेखनही देऊन बघा. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांआधीच्या छपाईत ‘नाही’चं ‘नाहीं’ असतं, आणि तेवढ्या एका टिंबावर यंत्र हात वर करतं. सापडलेली ओळ छापील गाथेशी ताडा. मी त्यासाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते. क्रमांकासोबत आवृत्तीही टिपा. दुसऱ्या गाथेत तोच अभंग भलत्याच क्रमांकावर असू शकतो.

बायबलचं सोपं: अध्याय आणि वचन बघून छापील मराठी प्रतीतून उतरवा.

नाहीच सापडलं तर अवतरणचिन्हं काढून नुसता आशय द्या. संपादकांना तसं कळवाही, नाहीतर मुद्रितशोधक ती मायेने परत घालतात.