टीएमएसचे आकडे दर खेपेला वेगळे येतात? या चुका टाळा

डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय ठोका द्यायचा आणि हाताच्या स्नायूत उमटणारा प्रतिसाद, म्हणजे एमईपी, मोजायचा, ही टीएमएसची (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकीय ठोक्याने मेंदू उत्तेजित करणं) साधी चाचणी. त्याच माणसाला आठ दिवसांनी परत बोलावलं की आकडा हलतो. मेंदूत बदल झाला असं लिहिण्याआधी मोजणी कुठे हलली ते शोधा.

सगळ्यात महागात पडते ती कॉइलची जागा. आठच्या आकाराची कॉइल मधल्या रेषेशी साधारण 45 अंशांत, दांडा मागे आणि बाहेरच्या बाजूला. ती काही मिलिमीटर सरकली तरी एमईपी घसरतो. नॅव्हिगेशन (कॉइलची जागा कॅमेऱ्याने दाखवणारी यंत्रणा) नसेल तर घट्ट टोपी घालून नाकाचं मूळ, डोक्यामागचा उंचवटा आणि दोन्ही कान यांपासूनची अंतरं टेपने मोजून लिहून ठेवा. आपल्याकडे डोक्याला तेल असतं, त्यावर टोपी घसरते. आधी पुसून घ्या. अंबाडा सोडवा, पिना काढा. केसांच्या जाडीने कॉइल कवटीपासून लांब जाते, चुंबकीय क्षेत्र अंतरासोबत झपाट्याने कमी होतं आणि थ्रेशोल्ड, म्हणजे स्नायूत प्रतिसाद उमटवायला लागणारी ठोक्याची किमान ताकद, उगीच वाढलेला दिसतो. पहिल्या खेपेला वेणी आणि दुसऱ्या खेपेला अंबाडा असेल तर ती तुलनाच नव्हे.

दुसरी चूक, दहा ठोक्यांची सरासरी. एमईपी ठोक्यागणिक बदलतो. किमान 20 ते 30 ठोके घ्या, पहिले काही सोडून द्या, मधलं अंतर 5 सेकंद किंवा जास्त आणि थोडं कमीजास्त ठेवा. दहांपैकी पाच वेळा किमान 50 मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद यावा हा नियम विश्रांतीच्या थ्रेशोल्डसाठी आहे, एमईपीच्या सरासरीसाठी नाही.

हात खरंच सैल आहे का? ठोक्याआधीच्या 100 मिलिसेकंदांचा ईएमजी (स्नायूतल्या विजेचा आलेख) पाहा; स्नायू ताणलेला असेल तर तो ठोका वगळा. कापूस वेचून किंवा सोयाबीन काढून थेट आलेल्या माणसाचा हात थकलेला असतो, आणि थकव्यानंतर एमईपी काही काळ लहान येतो. त्याला दुसरी तारीख द्या. वेळ, झोप, चहा, औषधं प्रत्येक खेपेला नोंदवा.

मे महिन्यात लातूर-नांदेडकडे घामाने इलेक्ट्रोड सुटतात आणि घरगुती विजेचा 50 हर्ट्झचा गोंगाट शिरतो. त्वचा पुसा, अर्थचा इलेक्ट्रोड पक्का करा. कॉइलही लवकर तापते आणि यंत्र मध्येच थांबतं. वीज गेल्याने सत्र अर्धवट राहिलं तर दुसऱ्या दिवशीचे ठोके त्याला जोडू नका, सगळं पुन्हा घ्या.

यंत्र किंवा कॉइल बदलली तर टक्क्यांतला (यंत्राच्या कमाल ताकदीच्या) थ्रेशोल्ड तुलनेला निरुपयोगी. जोडठोक्याच्या चाचणीत (लागोपाठ दोन ठोके देतात ती) पहिला ठोका थ्रेशोल्डच्या 80 टक्के ठेवत असाल तर थ्रेशोल्ड त्याच दिवशी मोजा, जुना वापरू नका.

शेवटी हिशोब. दोन खेपांच्या आकड्यांतला नुसता सहसंबंध पाहू नका. सगळ्यांचा आकडा पाचाने वाढला तरी तो 1 येतो. संपूर्ण जुळणीचा आयसीसी (दोन खेपांचे आकडे किती तंतोतंत जुळतात ते सांगणारा गुणांक; 1 म्हणजे पूर्ण जुळणी) काढा. समजा थ्रेशोल्डचं माणसामाणसांतलं प्रमाण विचलन 8 टक्के आणि आयसीसी 0.90 आहे. मोजणीची चूक 8 × √0.10, म्हणजे सुमारे 2.5. तिला 1.96 × √2 ने गुणलं की 7 येतात; दोन खेपांतला फरक याहून मोठा असेल तरच तो खरा बदल धरायचा. एका रुग्णाचा थ्रेशोल्ड 4 टक्क्यांनी हलला असेल तर तो मोजणीच्या चुकीतच बसतो.